सुडाची डावखुरी बंदूक

२५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

आजपासून वेन्डेल मेला. म्हणजे माझ्यापुरता. तसा तो शेजारच्या खोऱ्यात ठणठणीत आहे आणि या क्षणी माझ्या हरणाचं कातडं सोलत असेल.

नीट लिहून ठेवतो. राग विसरून जायची मला वाईट सवय आहे.

वेन्डेल हा आर्लीनचा धाकटा भाऊ. मार्चमध्ये त्याची बायको लोर्ना गेली. माणूस एकटा पडला म्हणून आज हंगामाच्या पहिल्या दिवशी मोठ्या मनाने त्याला माझ्या मचाणावर बसवलं. मचाण माझं. रान माझं. हरीणही माझंच. दहा टोकांच्या शिंगांचा नर, चालायचा असा की जणू सभा सुरू करायला निघालाय. मी त्याला सभापती म्हणायचो. उन्हाळाभर त्याने माझा घेवडा खाल्ला, मी खाऊ दिला. ती गुंतवणूक होती.

पहाटे कानांवर लक्ष एकवटावं म्हणून मी डोळे मिटून बसलो होतो. एकदम शेजारी बार. डोळे उघडले तर सभापती आडवा आणि वेन्डेलच्या रायफलीतून धूर.

वेन्डेल म्हणतो, "दाजी, दोनदा बूट हलवला तुमचा. कानात सांगितलं, उठा, तुमचा आलाय. तुम्ही म्हणालात, 'त्याच्यावर मीठ टाका.'"

साफ खोटं. मी टाउनशिपच्या रस्ते खात्यात आहे, बर्फ पडला की तो वितळावा म्हणून कोणत्या रस्त्यावर आधी मीठ टाकायचं ते मी ठरवतो, हे त्याला माहीत आहे. त्याचाच फायदा घेतोय.

सूड घेणार.

२६ नोव्हेंबर, रविवार

दर रविवारी वेन्डेल जेवायला येतो. आजही आला. हातात कागदात गुंडाळलेलं मांस. "दाजी, पाठीचा मऊ तुकडा तुमच्यासाठी काढून ठेवला." निर्लज्जपणाला सीमा असते.

जाहीर केलं: सभापतीपेक्षा मोठा नर मी मारेपर्यंत या माणसाने या घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

आर्लीन म्हणाली, "लमार, तो एकटा जेवेल तिकडे."

म्हटलं, "हा विचार त्याने चाप ओढण्याआधी करायचा होता."

तिने चिकन-नूडल्सचं अख्खं पातेलं उचललं, गाडीत ठेवलं आणि भावाबरोबर निघून गेली. मी पाव आणि ॲपल बटर खाल्लं. नैतिक विजय माझाच.

३० नोव्हेंबर, गुरुवार

सुचलं! आमच्या पेन्सिल्वेनियात नाताळनंतर ठासणीच्या बंदुकीचा हंगाम असतो. दारू, चिंधी, गोळी, सगळं नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायचं. गारगोटीची ठिणगी पडली की बार. पणजोबांच्या वेळची पद्धत. वेन्डेलला त्या वाटेला गेलेला मी कधी पाहिलेलं नाही. एकच गोळी, एकच संधी, मर्दाचं काम.

योजना अशी: चौदा टोकांचा नर मारायचा. डोकं भरून घ्यायचं. जेवणाच्या खोलीत वेन्डेलच्या खुर्चीसमोर लावायचं. मग त्याला सन्मानाने जेवायला बोलवायचं. घास घशाखाली उतरतो का बघू.

२ डिसेंबर, शनिवार

बंदूक घेतली.

आधीच चौकशी करून गेलो होतो. नाताळनंतरच्या हंगामात नव्या धाटणीच्या चालत नाहीत, गारगोटीचीच लागते. दुकानदाराने विचारलं, नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे मंद हवेत की जलद? म्हटलं, जलद. सुडाला मंद काय कामाचं. तो म्हणाला, गोल गोळीला मंदच बरे. म्हटलं, मग मंद द्या, पण लवकर द्या.

मग कोपऱ्यातली ती दिसली. मेपलचा दस्ता, त्यावर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी. खांद्याला लावली आणि वाटलं, ही माझ्यासाठीच घडवली आहे. आजूबाजूची माणसं बघायला लागली. चर्चचे खजिनदारही होते.

दुकानदार म्हणाला, "साहेब, ती डावखुऱ्यांची आहे."

एवढ्या लोकांसमोर आता खाली कशी ठेवणार? म्हटलं, "माहितीये."

"तुम्ही डावखुरे?"

"वेळ पडली तर."

घरी आल्यावर आर्लीनने एकदाच बघितलं. "घोडा डाव्या बाजूला का आहे याचा?" बायकांचं लक्ष नको तिथे असतं. उजव्या खांद्यावरून उडवली तर भडका माझ्या नाकासमोर होणार. म्हणून ठरवलं: डावखुरा होणार. नीट विचार केला तर फायदाच आहे. उजवा डोळा एकोणसाठ वर्षं वापरून झिजलाय. डावा जवळजवळ नवा आहे.

५ डिसेंबर, मंगळवार

सराव सुरू. डाव्या हाताने दाढी केली. तीन पट्ट्या लावल्या. डाव्या हाताने ऑफिसात आदेश लिहिला; ड्रायव्हरने 'पूल'चं 'शाळा' वाचलं. शाळेचं मैदान खारट झालं, पूल घसरडा राहिला. कोणाला काही झालं नाही. उद्यापासून आदेश उजव्या हाताने, सूड डाव्या.

९ डिसेंबर, शनिवार

नेमबाजी क्लबच्या मैदानावर बंदुकीचा नेम जुळवायला गेलो. पंचवीस यार्डांवर कागद लावला. त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात 'वे.' लिहिलं. एकाग्रतेसाठी.

गोळी ठासली. नळीच्या बाजूच्या भोकाजवळ जी वाटी असते तिच्यात बारीक दारू टाकली. घोडा चढवला. चाप ओढला. वाटीत भक्कन जाळ, डावी भुवई गेली, गोळी आतच. पुन्हा. भक्कन. पुन्हा.

शेजारच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, "दारू घातलीस का?"

म्हटलं, "सकाळी सकाळी मी घेत नाही."

"तुला नाही रे बाबा. बंदुकीला."

नळीत दारूच घातली नव्हती. नुसती चिंधी आणि गोळी. मळसूत्र लावून गोळी उपसून काढण्यात दुपार गेली. चूक झाली कारण ठासताना डोक्यात वेन्डेल होता. म्हणजे हेही खातं त्याच्याच नावावर.

१० डिसेंबर, रविवार

रात्रीपासून बर्फ. मीठ टाकायचा क्रम मी लावतो. कॉब हॉलोचा रस्ता एरवी तिसरा असतो. आज शेवटी टाकला. त्या रस्त्याला वेन्डेल राहतो हा निव्वळ योगायोग. हा सूड नाही, नियोजन आहे.

संध्याकाळपर्यंत तिकडे कोणी पोचलंच नाही. मनाला बरं वाटलं.

१६ डिसेंबर, शनिवार

प्रगती. आज दारू घातली. बार झाला! धूर एवढा की कागद बघायला थांबावं लागलं. भोक डावीकडे. दुसरंही डावीकडे. नळीवरची नेम धरायची मागची खाच ठोकून डावीकडे सरकवली. भोक आणखी डावीकडे. आणखी सरकवली. मग माझ्या कागदावर भोकं पडायचीच थांबली. पलीकडचा माणूस मात्र ओरडला, "मी तीन गोळ्या मारल्या, मग माझ्या कागदावर सात भोकं कशी?" त्यातलं एक तर बरोब्बर मधोमध होतं. त्याने आभार मानले नाहीत.

बंदुकीबरोबरच्या पुस्तिकेत बारीक टाइपात आहे: गोळी जिकडे जायला हवी तिकडे खाच सरकवावी. मी जिकडे जात होती तिकडे सरकवत होतो. पुस्तिका लिहिणारा नक्की उजव्या हाताचा.

आर्लीनने विचारलं, "चौदा टोकांचा कसा चाललाय?" म्हटलं, दहाचा असला तरी चालेल, फक्त जाड हवा.

१७ डिसेंबर, रविवार

अत्यंत वाईट दिवस.

आर्लीन पातेलं घेऊन वेन्डेलकडे निघाली. मी म्हटलं, बर्फ आहे, जाऊ नकोस. ती म्हणाली, "सकाळी मीठ पडलं असेल की." मी खिडकीबाहेर बघितलं. कॉब हॉलो आजही शेवटी होता.

कॉब हॉलोच्या वळणावर गाडी घसरून खड्ड्यात. तिला लागलं नाही, देवाची कृपा. नूडल्स छताला लागल्या. वेन्डेल ट्रॅक्टर घेऊन धावला, गाडी ओढून काढली, तिला चुलीपाशी बसवलं, मग स्वतः घरी सोडून गेला. अंगणाच्या बाहेरच थांबला. उंबरा ओलांडला नाही.

त्याने ताईला म्हटलं म्हणे, "दाजींच्या ऑफिसात माणसं कमी पडतायत वाटतं. त्यांना सांग, फार दगदग करू नका."

आर्लीनने मला विचारलं, "हा रस्ता शेवटी कोणी टाकला?"

म्हटलं, "ती मोठी गुंतागुंतीची प्रक्रिया असते."

ती शिवणाच्या खोलीत झोपायला गेली. दार लावून.

१८ डिसेंबर, सोमवार

कॉब हॉलो पहिला घेतला. वळणावर दुप्पट मीठ. कोणाच्या दबावाखाली नाही. सूड कायम आहे. त्यातून रस्ते वगळले आहेत.

२३ डिसेंबर, शनिवार

खाच उजवीकडे आणली. गोळ्या आता माझ्याच कागदावर पडतात. एक वर, एक खाली, एक कोपऱ्यात. थाळीएवढ्या जागेत म्हणता येईल. मोठी थाळी. ठरवलं की दोष बंदुकीचा आहे, नाताळनंतर परत करायची.

तेवढ्यात मागून आवाज. "काय दाजी, जमतंय का?" वेन्डेल. बोलणं बंद असलेल्या माणसाशी हा असा बोलतो, जणू काही घडलंच नाही. यालाच क्रूरपणा म्हणतात.

"जरा बघू का?"

दिली. त्याचीही भुवई जावी या हेतूने दिली. विसरलो होतो की हा जन्मतःच डावखुरा. ठासली, खांद्याला लावली, उडवली. मधोमध. पुन्हा उडवली. दुसरं भोक पहिल्याला चिकटून. आणि खाली 'वे.' अक्षर दिसलं त्याला. म्हणाला, "हे काय, वेग का?"

म्हटलं, "हो. वेग."

"बंदूक एकदम झकास आहे, दाजी. नेमही नीट बसलाय. फक्त तुम्ही भडका उडायच्या आधीच डोळे मिटता. आणि मान फिरवता. माझंही पहिल्यांदा तसंच व्हायचं."

मी एवढंच म्हटलं, "नेम मीच बसवलाय."

आता बंदूक परतही करता येत नाही. त्याने तीही वाट बंद केली. या माणसाची चाल फार खोल असते.

२५ डिसेंबर, सोमवार. नाताळ

आर्लीन वेन्डेलकडे. तत्त्व म्हणजे तत्त्व, मी घरीच राहिलो. डब्यातलं सूप गरम केलं.

ती सांगते, त्याने टेबलावर तीन ताटं मांडली होती. चौथं लोर्नाचं मांडता मांडता थांबला. हे ती मला का सांगते? माझ्यावर परिणाम व्हावा म्हणून. झाला नाही. सूप जरा खारट होतं.

वेन्डेलकडून माझ्यासाठी पुडकं. त्याने स्वतः शिवलेलं चामड्याचं झाकण. बर्फपाण्यात बंदुकीच्या घोड्यावर बांधायचं, म्हणजे दारू भिजत नाही. शत्रूची भेट. ड्रॉवरमध्ये टाकली.

२६ डिसेंबर, मंगळवार. हंगाम सुरू!

पहाटे मचाणावर गेलो नाही, उगाच कोणाला बोलायला जागा नको. हेमलॉकच्या मोठ्या झाडाला टेकून उभा राहिलो. उभा माणूस झोपू शकत नाही.

कानांवर लक्ष एकवटण्यासाठी थोडा वेळ डोळे मिटले. तोंडावर बर्फात पडलो तेव्हा उघडले. माझ्या बुटांभोवती खुरांचे ताजे ठसे होते. एक तर हाताच्या अंतरावर. हरीण येऊन, मला नीट पाहून, गेलं होतं.

भ्यायलेलं असणार.

६ जानेवारी, शनिवार

सकाळी हिमपाऊस. हेमलॉकखाली उभा, जागा, सावध. कुठलंही शिंगाळं चालेल असं मनाशी ठरवलेलं. समोरून दोन टोकांचं एक कोवळं पोर आलं. हंगामाच्या नियमात बसतं की नाही शंका होती. तेवढ्यात त्याच्यामागून एक बरा नर. सहा टोकांचा! अगदी समोर, आडवा उभा. घोडा चढवला. वेन्डेलचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. चाप ओढला.

टक्.

नर माझ्याकडे बघायला लागला. पुन्हा घोडा चढवला. टक्. तो रवंथ करत होता. टक्. एवढा अपमान आजवर माणसानेही केला नव्हता. टक्. तो शेपटी वर करून सावकाश निघाला, घाई काहीच नव्हती त्याला.

वाटी उघडून बघितली. दारूची पेज झाली होती.

घरी सांगितलं, गारगोटी खराब आहे. आर्लीनने ड्रॉवरमधून चामड्याचं झाकण काढलं आणि बंदुकीला बांधलं. गाठ फार घट्ट मारली.

७ जानेवारी, रविवार

आर्लीन तिकडे. मी सूप. एकट्याने जेवताना या घरात चमचा ताटलीला लागल्याचा फार आवाज होतो. चमचे बदलायला हवेत.

वेन्डेलला धडा शिकवल्याशिवाय राहणार नाही. मात्र लवकर शिकवलेला बरा.

१३ जानेवारी, शनिवार

आज झाकण बांधून गेलो. भेटवस्तू म्हणून नाही, जप्त केलेला माल म्हणून. आता नर-मादी काहीही चालेल. हरीण असलं म्हणजे झालं.

मादी आली. दारू कोरडी. गोळी ठासली. घाईघाईत नेम धरला, डोळे उघडे ठेवले, निदान एक तरी. चाप ओढला. धडाम! प्रचंड आवाज, खांदा निखळल्यासारखा. धूर गेला. मादी नाही. हातातला गजही नाही.

गज नळीतच राहिला होता. तो आता समोरच्या दुसऱ्या हेमलॉकच्या खोडात, पार वर, रुतलाय. उतरवायला शिडी लागेल. बंदूक फुटली नाही हे नशीब. नळी तपासून घेतली, ठीक आहे. इतक्या उंचीवर इतका सरळ गज कोणी मारून दाखवावा. पण अशा गोष्टींची कदर करणारा माणूस घरात येत नाही सध्या.

नवा गज आणला. सोमवार शेवटचा दिवस.

१५ जानेवारी, सोमवार. शेवटचा दिवस

रजा काढली. सकाळपासून भुरभुर बर्फ. पाय गेले, बोटं गेली. विचार केला, वेन्डेलला आठवून अंगात ऊब आणावी. आठवला तर तो तीन ताटं मांडताना दिसायला लागला. सूड घेणाऱ्याला हे मोठं नुकसानकारक.

उजेड मंदावायला लागला तेव्हा ती आली. एकटी मादी, मोठी, झाडांमधून सावकाश. झाकण सोडलं. गज नळीबाहेर आहे बघितलं. घोडा चढवला. दोन्ही डोळे उघडे. नळीच्या टोकावरच्या मण्यावर तिचा खांदा, खांद्यामागे काळीज.

बार झाला. खरा बार. सगळं रान पांढरं झालं धुराने.

धूर विरला तर समोर नुसता बर्फ.

खालून कोणीतरी धापा टाकत वर येत होतं. वेन्डेल. "दाजी! बार ऐकला! लागली का?"

विचारलं, "तू इथे कसा?"

म्हणाला, "सहज. खाली रस्त्याला थांबलो होतो." झाडांमधून त्याचा ट्रक दिसत होता. टपावर वीतभर बर्फ. सहज थांबलेल्या ट्रकवर एवढा बर्फ साचत नाही. काचेआड त्याची बीगल कुत्री बसलेली, जिला तो सदानकदा मांडीवर घेऊन बसतो.

आम्ही दोघं शोधायला लागलो. जिथे मादी उभी होती तिथे उडी मारल्याचे खोल ठसे. पुढे लांब लांब उड्या. रक्ताचा थेंब नाही. ठशांच्या मागे मागे ओढ्यापर्यंत गेलो. वाकून वाकून बघितलं. काही नाही. अंधार पडायला लागला. जखमी झाली नव्हती, एवढं नक्की. माझी गोळी पेन्सिल्वेनियात कुठेतरी आहे.

परत आलो तिथेच वेन्डेल एकदम खाली बसला. हातमोजा काढला, बर्फात बोटं घातली. "दाजी, हे बघा!"

त्याच्या तळव्यावर केसांचा झुबका.

"केस कापले गेलेत. काळजाच्या अगदी वरून गेली गोळी. थोडक्यात वाचली हो!"

मी केस हातात घेतले. हरणाचा केस जाड असतो, पोकळ, वाकवला की मोडतो. हे मऊ होते. थोडे पांढरे, थोडे तपकिरी, एक काळा. माझ्या हातावर तसेच्या तसे वाकले आणि पुन्हा सरळ झाले. वेन्डेलच्या कोटाच्या पुढच्या बाजूला असले केस नेहमी चिकटलेले असतात.

तो माझ्याकडे बघत होता. नाक लाल, मिशीत बर्फ. सात रविवारांचा सूड माझ्या तोंडाशी आला होता. एक वाक्य पुरलं असतं.

म्हटलं, "हो रे. थोडक्यात."

"पहिल्या हंगामाला एवढं म्हणजे भारीच, दाजी."

"चल," म्हटलं. "जेवायला चल. कुत्रीलाही घे."

आर्लीनने दार उघडलं. आम्हा दोघांना बघून तिने आणखी एक ताट काढलं. मी केस टेबलावर ठेवले. तिने चष्मा लावला, केस पाहिले, वेन्डेलकडे पाहिलं, चुलीपाशी अंग झटकणाऱ्या कुत्रीकडे पाहिलं.

म्हणाली, "अगबाई. केवढी मोठी असेल!"

वेन्डेलने नूडल्स तीनदा घेतल्या. तिसऱ्यांदा मीच वाढल्या.